शाळेच्या प्रयोगशाळेत ॲस्पिरिन बनवायचं असेल तर

विचारलं आहे ते थोडक्यात असं: वरच्या वर्गातल्या मुलांकडून शाळेच्याच प्रयोगशाळेत ॲस्पिरिन करून घेता येईल का? काय काय आणि किती लागेल? पुस्तकातली कृती जशीच्या तशी पाळूनही एका गटाच्या पात्रात स्फटिक का पडले नाहीत? आणि मुलं हमखास विचारतात तो प्रश्न, म्हणजे हे औषध "खरं" आहे का, घेऊन चालेल का?

पहिल्याचं उत्तर होय. शेवटच्याचं उत्तर नाही, आणि त्यात सूट नाही. मधलं सविस्तर सांगते. कित्येक वर्षं हा प्रयोग मुलांकडून करून घेत आले आहे, आणि एक गोष्ट मनाशी पक्की झाली आहे. पात्रात पांढरे स्फटिक पडले की मुलांना (आणि खूपदा शिक्षकांनाही) वाटतं, झालं. खरं तर तिथे निम्मा प्रयोग झालेला असतो. पडलेले स्फटिक ॲस्पिरिनचेच आहेत हे दाखवणं हा उरलेला निम्मा, आणि रसायनशास्त्र खऱ्या अर्थाने त्यात आहे. तासिका अपुरी पडणार असेल तर बनवण्याच्या भागात काटकसर करा, तपासण्याच्या भागात करू नका.

आधी अभिक्रिया नीट समजून घेऊ, कारण इथेच पहिली चूक होते. सॅलिसिलिक आम्लाच्या रेणूत बेंझिनच्या कड्यावर शेजारी शेजारी दोन गट बसलेले असतात: एक कार्बॉक्सिल, म्हणजे आम्लाचा गट, आणि दुसरा फिनॉलचा हायड्रॉक्सिल गट. "एस्टर तयार होतो" म्हटलं की मुलं लगेच आम्लाच्या गटाकडे बोट दाखवतात, कारण आम्ल आणि अल्कोहोल यांच्यापासून एस्टर होतो हे त्यांनी घोकलेलं असतं. इथे मात्र सॅलिसिलिक आम्लाची भूमिका अल्कोहोलची आहे. ॲसिटिल गट, म्हणजे ॲसिटिक आम्लातून येणारा गट, येऊन बसतो तो फिनॉलच्या ऑक्सिजनवर, कार्बॉक्सिल गट तसाच राहतो. म्हणून ॲस्पिरिन हे आम्लही आहे आणि एस्टरही. फळ्यावर दोन्ही रेणू काढा आणि कुठला हायड्रॉक्सिल गट नाहीसा झाला ते मुलांकडूनच खडूने गोल करून घ्या. पुढची फेरिक क्लोराइडची परीक्षा त्या एका गोलावर उभी आहे.

मग दुसरा प्रश्न येतो: ॲसिटिल गटच हवा असेल तर व्हिनेगर का चालत नाही, निदान ग्लेशियल, म्हणजे जवळजवळ पाणी नसलेलं, ॲसिटिक आम्ल तरी? फिनॉलच्या ऑक्सिजनवरची इलेक्ट्रॉनची जोडी बेंझिनच्या कड्याकडे ओढली गेलेली असते, त्यामुळे तो साध्या अल्कोहोलइतका उत्सुक नसतो. शिवाय ॲसिटिक आम्ल वापरलं तर अभिक्रियेत पाणी तयार होतं आणि समतोल उलट्या बाजूला झुकतो. व्हिनेगरमध्ये तर पाणीच पाणी. ॲसिटिक ॲनहायड्राइड (ॲसिटिक आम्लाच्या दोन रेणूंतून पाणी निघून झालेला द्रव) हा जास्त क्रियाशील, आणि त्याच्यापासून पाणी तयार न होता ॲसिटिक आम्ल तयार होतं, म्हणून तोच लागतो. ॲसिटिल क्लोराइडनेही काम होतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स गेरहार्ट याने 1853 मध्ये सोडियम सॅलिसिलेट आणि ॲसिटिल क्लोराइड यांच्यापासून हा पदार्थ पहिल्यांदा, अशुद्ध स्वरूपात, मिळवला होता. पण ॲसिटिल क्लोराइड पाण्याशी फार जोरात भिडतो आणि हायड्रोजन क्लोराइडच्या वाफा सोडतो. शाळेत त्याचं काम नाही.

आता ॲसिटिक ॲनहायड्राइडबद्दल जरा थांबून सांगते, कारण या प्रयोगातला खरा धोका तोच आहे. कातडीला आणि डोळ्यांना भाजणारा, वाफेने डोळ्यांतून घळाघळा पाणी काढणारा आणि ज्वलनशील असा हा द्रव आहे. त्याचा ज्वलनबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, 50 अंश सेल्सियसच्या जवळपास आहे, आपण ज्या तापमानाला अभिक्रिया करतो त्याच्याही खाली. तेव्हा या प्रयोगात टेबलावर बर्नर पेटता ठेवायचा नाही. पाणी आधीच तापवून आणायचं किंवा हॉट प्लेट वापरायची. बाटली फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफा बाहेर ओढून टाकणाऱ्या कपाटात, राहील आणि ॲनहायड्राइड मोजून शिक्षकच देतील. मुलांच्या टेबलावर बाटली जाता कामा नये. गॉगल सगळ्यांना, पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत. डोळ्यात थेंब गेलाच तर वाट न पाहता किमान 15 मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरायचा आणि मग डॉक्टरांकडे न्यायचं.

हाच द्रव हेरॉइन बनवण्यासाठीही वापरला जातो, म्हणून 1988 च्या संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक करारात तो नियंत्रित रसायनांच्या यादीत आहे आणि देशोदेशी त्याच्या खरेदीवर आणि साठ्यावर नियम आहेत. शाळेने तो रीतसर मागवावा, कुलपात ठेवावा, किती वापरला त्याची नोंद वहीत करावी. हे सरकारी काम म्हणून टाळू नका. मुलांसमोर नोंद करा, त्यांनाही कळू दे की रसायन वापरणाऱ्यावर जबाबदारी असते.

प्रमाण मी असं ठेवते: सॅलिसिलिक आम्ल 2 ग्रॅम, ॲसिटिक ॲनहायड्राइड 5 मिलिलिटर, आणि उत्प्रेरक म्हणून 85 टक्के फॉस्फोरिक आम्लाचे 5 ते 6 थेंब. पुष्कळ कृतींमध्ये संहत सल्फ्युरिक आम्ल दिलेलं असतं, त्यानेही होतं आणि जरा झटपट होतं. पण शाळेसाठी माझं मत ठाम फॉस्फोरिकच्या बाजूने आहे. सल्फ्युरिकने मिश्रण जास्त तापतं, पिवळसर होतं आणि सॅलिसिलिक आम्लाचे रेणू एकमेकांनाच जोडले जाऊन चिकट बहुवारिक (पॉलिमर) तयार होण्याचं प्रमाण वाढतं. चार-पाच मिनिटं वाचवण्यासाठी मुलांच्या हातात संहत सल्फ्युरिक देण्यात मला शहाणपण दिसत नाही.

पात्र कोरडं हवं. नुसतं पुसलेलं नाही, कोरडं. ॲनहायड्राइड पाण्याने फुटून ॲसिटिक आम्ल होतो, आणि ओल्या पात्रात आपण सुरुवात करण्याआधीच तो थोडा वाया गेलेला असतो. 100 मिलिलिटरच्या कोरड्या शंक्वाकृती पात्रात सॅलिसिलिक आम्ल तोलून घ्या. त्याची भुकटी हलकी असते, नाकाशी उडाली की शिंका सुरू होतात, म्हणून तराजूवर पंख्याचा वारा नको. फ्यूम हूडमध्ये ॲनहायड्राइड घाला, मग थेंब थेंब फॉस्फोरिक आम्ल, आणि पात्र हलकेच फिरवत राहा. नंतर 60 ते 70 अंशांच्या गरम पाण्यात पात्र 15 मिनिटं धरा. पहिल्या काही मिनिटांत पांढरा गाळ विरघळून द्राव स्वच्छ दिसायला लागतो. तो का विरघळला, असं मुलांना तेव्हाच विचारा. ऊब मिळाली म्हणून, हे उत्तर अर्धवट आहे. सॅलिसिलिक आम्ल खर्ची पडत चाललंय आणि तयार होणारं ॲस्पिरिन गरम द्रावात विरघळलेलं राहतंय, हे उरलेलं उत्तर.

आता पाणी घालण्याची पायरी. मोलच्या हिशेबाने पाहा: 2 ग्रॅम सॅलिसिलिक आम्ल म्हणजे 0.0145 मोल. 5 मिलिलिटर ॲनहायड्राइडचं वजन सुमारे 5.4 ग्रॅम, म्हणजे 0.053 मोल. साडेतीन पटींहून जास्त. अभिक्रिया पूर्ण झाल्यावरही 0.038 मोल ॲनहायड्राइड पात्रात शिल्लक असतो आणि तो पाण्याने मोडून टाकावा लागतो. त्यासाठी हिशेबाने पाऊण मिलिलिटर पाणीही पुरेसं आहे. म्हणून पात्र गरम पाण्यातून बाहेर काढून, फ्यूम हूडमध्ये, ड्रॉपरने एक-दोन मिलिलिटर पाणी थेंबाथेंबाने घालायचं आणि दर चार-पाच थेंबांनंतर पात्र फिरवायचं. पात्र आपोआप तापतं, ॲसिटिक आम्लाची झणझणीत वाफ येते, ती ओसरली की पुढे जायचं.

एकदा एका मुलाने इथे घाई केली. माझी पाठ वळलेली असताना त्याने मोजपात्रातलं 20 मिलिलिटर पाणी सरळ पात्रात ओतलं. क्षणभर काहीच झालं नाही. ॲनहायड्राइड पाण्यात लगेच मिसळत नाही, तो तळाशी जड थर धरून बसतो. मुलाला वाटलं सगळं ठीक आहे, म्हणून त्याने पात्र उचलून हलवलं. मग एकदम उकळी फुटली आणि गरम आंबट द्राव तोंडातून बाहेर उडाला. गॉगल होता, म्हणून डोळे वाचले. मनगटावर दोन लाल डाग आले, ते नळाखाली धरले. त्या दिवसापासून या पायरीला मी सगळ्या वर्गाला थांबवते, एक गट पाणी घालतो, बाकीचे पाहतात, मग पुढचा गट. वेळ लागतो, लागू दे.

वाफ शमली की 30 ते 40 मिलिलिटर थंडगार पाणी घालून पात्र बर्फात ठेवा. आणि इथेच प्रश्नातला तो गट अडकला असणार. द्राव नितळ, तळाशी कदाचित तेलासारखा थेंब, स्फटिकांचा पत्ता नाही. बहुतेक वेळा कारण साधं असतं. द्राव अतिसंपृक्त झालेला असतो, म्हणजे त्यात मावेल त्याहून जास्त ॲस्पिरिन विरघळलेलं असतं; स्फटिक सुरू व्हायला त्याला एखादा खडबडीत कोपरा हवा असतो. काचकांडीचं टोक द्रावाच्या पातळीखाली पात्राच्या आतल्या बाजूला दाबून घासा, खर्र खर्र आवाज यायला हवा. पाच-सहा वेळा घासल्यावर काचेवर त्या रेघेच्या जागी पांढरी धूसर रेष उमटते. कांडी थांबवून पाहत राहा. त्या रेषेतून बारीक सुया बाजूला फुटतात, सुयांवर सुया येतात, आणि पाहता पाहता सगळं पात्र घट्ट दह्यासारखं पांढरं होतं. हे सगळं अर्ध्या मिनिटात होतं. मी इतक्या वेळा पाहिलंय, तरी त्या अर्ध्या मिनिटात मी दुसरीकडे पाहू शकत नाही. मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर नेमके त्याच वेळी ते वही भरत बसलेले असतात.

घासूनही काही झालं नाही तर शेजारच्या गटाचा एक स्फटिक चिमटीने टाका. तेल तसंच राहिलं असेल तर ॲनहायड्राइड पुरता मोडलेला नाही: पात्र पुन्हा थोडं गरम करा, नीट फिरवा, मग बर्फात. पाणी फार जास्त घातलं असेल तरी पंचाईत होते. 25 अंशांच्या एक लिटर पाण्यात साधारण 3 ग्रॅम ॲस्पिरिन विरघळतं, म्हणजे 50 मिलिलिटरमध्ये दीडशे मिलिग्रॅम सहज नाहीसं होतं. बर्फात ते कमी होतं, म्हणून धीर धरा, पात्र 10 मिनिटं तरी बर्फात राहू दे.

ब्युकनर फनेल आणि पाण्याच्या नळाला जोडलेला पंप असेल तर गाळणं दोन मिनिटांचं काम. नसेल तर साधं नरसाळं आणि गाळणकागद, फक्त थोडं जास्त थांबावं लागेल. स्फटिक बर्फाच्या पाण्याने दोनदा, थोड्या थोड्या पाण्याने धुवा, कागदावर पसरून झाकून ठेवा आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत सुकू द्या. ओलं तोलू नका. 2 ग्रॅम सॅलिसिलिक आम्लापासून जास्तीत जास्त 2.61 ग्रॅम ॲस्पिरिन मिळू शकतं. 1.96 ग्रॅम मिळालं तर उत्पादन 75 टक्के, शाळेसाठी उत्तम. एखादा गट 2.9 ग्रॅम आणतो आणि 111 टक्के लिहून खूश होतो. त्या गटाला रागावू नका. शंभराच्या वरचे अकरा टक्के कुठून आले ते त्यांनाच शोधू द्या. पाणी, ॲसिटिक आम्ल, शिल्लक सॅलिसिलिक आम्ल. एका चुकीच्या आकड्यातून इतकं शिकायला क्वचित मिळतं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. एका वर्षी आठ गटांना सुरेख स्फटिक मिळाले. पांढरेशुभ्र, सुईसारखे, वजनही बऱ्यापैकी. मुलं खूश, मी खूश. दुसऱ्या दिवशी फेरिक क्लोराइड घातलं आणि आठही परीक्षानळ्या गडद जांभळ्या झाल्या. आठही. झालं असं होतं की ॲनहायड्राइडची बाटली जुनी होती, बूच सैल होतं, हवेतल्या दमटपणाने आतला बराचसा द्रव ॲसिटिक आम्ल होऊन बसला होता. गरम असताना सॅलिसिलिक आम्ल त्यात विरघळलं, थंड पाणी घातल्यावर जसंच्या तसं बाहेर आलं. आम्ही सॅलिसिलिक आम्लाचं पुनर्स्फटिकीकरण करून ते ॲस्पिरिन म्हणून तोललं होतं. खूण होती, माझं लक्ष गेलं नाही: त्या दिवशी आम्ल विरघळायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागत होता. आता प्रयोगाच्या आदल्या दिवशी मी बाटलीतले दोन थेंब थंड पाण्यात टाकून पाहते. चांगला ॲनहायड्राइड तळाशी जाऊन काही वेळ वेगळा गोळा धरून राहतो. थेंब पडताक्षणी मिसळून गेला तर ती बाटली या प्रयोगाच्या कामाची नाही.

म्हणून फेरिक क्लोराइडची परीक्षा सोडू नका. लोहाचे आयन फिनॉलच्या हायड्रॉक्सिल गटाशी जोडले जाऊन जांभळा रंग देतात. ॲस्पिरिनमध्ये तो गट ॲसिटिलखाली झाकलेला, म्हणून शुद्ध ॲस्पिरिनला जांभळा रंग येत नाही, फेरिक क्लोराइडचा पिवळटपणा तेवढा दिसतो. एकटी नळी काही सांगत नाही, चार नळ्या शेजारी शेजारी लावा: सॅलिसिलिक आम्ल, पहिल्यांदा गाळलेलं कच्चं ॲस्पिरिन, शुद्ध केलेलं ॲस्पिरिन, आणि चौथी नुसती अल्कोहोलची. पहिल्या तिन्हींत तांदळाच्या दाण्याएवढा नमुना, आणि चारही नळ्यांत एक मिलिलिटर इथेनॉल आणि 1 टक्का फेरिक क्लोराइडचे एक-दोन थेंब. द्राव गरम करू नका, गरम पाण्यात ॲस्पिरिन स्वतःच मोडून सॅलिसिलिक आम्ल देतं आणि तुम्ही नसलेला दोष शोधत बसाल. कच्च्या नमुन्याला फिकट जांभळी झाक बहुधा येतेच. ती दिसली की शुद्ध का करायचं हे सांगावं लागत नाही.

शुद्ध करण्यासाठी कच्चे स्फटिक 5 ते 6 मिलिलिटर कोमट इथेनॉलमध्ये विरघळवा, त्यात 15 ते 20 मिलिलिटर कोमट पाणी घाला आणि हळूहळू थंड होऊ द्या. हळूहळू थंड झालेले स्फटिक मोठे आणि स्वच्छ येतात. इथेनॉल गरम करायलाही गरम पाणीच, ज्योत नाही. उकळत ठेवू नका. गाळल्यावर चिकट गोळा हाती लागला असेल तर तो बहुवारिक असण्याची शक्यता आहे: नमुन्यावर सोडियम बायकार्बोनेटचा संपृक्त द्राव घाला, ॲस्पिरिन फसफसून विरघळतं, बहुवारिक विरघळत नाही. गाळून घेतलेला द्राव सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ओतला की ॲस्पिरिन परत बाहेर येतं. हा प्रकार मुलांना फार आवडतो आणि आम्ल-आम्लारीची उजळणीही होते.

द्रवणांक पाहायची सोय असेल तर जरूर पाहा. ॲस्पिरिन 135 अंशांच्या आसपास वितळतं, सॅलिसिलिक आम्ल 158 ते 159 अंशांना. मुलं म्हणतात, मग थोडं सॅलिसिलिक आम्ल मिसळलं असेल तर आकडा मधे कुठेतरी येईल, 140 वगैरे. उलट होतं. भेसळीने द्रवणांक उतरतो आणि पसरतो: एका ठिकाणी वितळण्याऐवजी नमुना 120 च्या पुढे कुठेतरी ओला व्हायला लागतो आणि बराच वेळ रेंगाळत वितळतो. केशनलिकेतला नमुना भिंगातून पाहा, कडा आधी घामेजतात, मग मधला भाग खचतो. एक काळजी घ्या. ॲस्पिरिन तापवताना मोडत जातं, म्हणून 120 पर्यंत लवकर या आणि नंतर मिनिटाला दोन अंशांच्या वेगाने पाहा. फार रेंगाळलात तर शुद्ध नमुनाही अशुद्धासारखा वागतो.

आता "खरं आहे का" या प्रश्नाकडे. रेणू तोच आहे. 1897 मध्ये बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन याने जो शुद्ध रूपात मिळवला आणि 1899 पासून ॲस्पिरिन या नावाने विकायला आला, त्यात आणि तुमच्या कागदावर सुकणाऱ्या स्फटिकांत रेणूच्या पातळीवर फरक नाही. पण औषध म्हणजे नुसता रेणू नव्हे. आपल्या नमुन्यात किती सॅलिसिलिक आम्ल, किती ॲसिटिक आम्ल, किती फॉस्फोरिक आम्ल राहिलं हे आपण मोजलेलं नाही. ज्या पात्रात ते बनलं त्यात गेल्या आठवड्यात शिशाचा किंवा बेरियमचा क्षार असू शकतो. चिमूटभरात किती मिलिग्रॅम आहे ते माहीत नाही. म्हणून चाखायचंसुद्धा नाही. त्यातही मुलांसाठी आणखी एक कारण आहे: फ्लू किंवा कांजिण्यांसारख्या विषाणूच्या आजारात मुलांना आणि किशोरांना ॲस्पिरिन दिलं तर राय सिंड्रोम हा दुर्मीळ पण जिवावर बेतणारा विकार होऊ शकतो, म्हणून दुकानातली ॲस्पिरिनसुद्धा मुलांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नसते. हे वर्गात स्पष्ट शब्दांत सांगा.

ते सांगून झालं की मी नेहमी पुढची गोष्ट सांगते, कारण नुसती मनाई करून थांबणं मला आवडत नाही. विलो या झाडाच्या सालीचा ताप उतरवण्यासाठी उपयोग होतो हे एडवर्ड स्टोन या इंग्लिश पाद्र्याने 1763 मध्ये रॉयल सोसायटीला पत्राने कळवलं. 1828 मध्ये योहान बुखनर याने सालीतून सॅलिसिन हा तिचा गुणकारी घटक वेगळा केला, 1838 मध्ये राफाएले पिरिया याने त्यापासून सॅलिसिलिक आम्ल मिळवलं. सॅलिसिलिक आम्लाने दुखणं थांबायचं, पण पोटाची आग व्हायची. ॲसिटिल गट लावून ते सुसह्य झालं. ते नेमकं कसं काम करतं हे मात्र 1971 पर्यंत कळलेलं नव्हतं. जॉन वेन याने त्या वर्षी दाखवलं की ॲस्पिरिन शरीरात दुखणं आणि सूज आणणारी प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्यं तयार होणं थांबवतं, आणि 1982 मध्ये त्याला त्यासाठी नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आता गंमत पाहा. शरीरात ॲस्पिरिन आपला ॲसिटिल गट काढून प्रोस्टाग्लँडिन बनवणाऱ्या सायक्लोऑक्सिजनेज या विकराला (एन्झाइमला) चिकटवतं आणि ते विकर कायमचं बंद पडतं. ज्या गटासाठी आपण 15 मिनिटं पात्र गरम पाण्यात धरलं, तोच गट. रक्ताची गुठळी बनवणाऱ्या बिंबिकांना (प्लेटलेट्सना) केंद्रक नसतं, त्या नवं विकर बनवू शकत नाहीत, म्हणून त्यांच्यावरचा परिणाम बिंबिका जगते तितके दिवस, आठवडाभर ते दहा दिवस टिकतो. हृदयविकारात ॲस्पिरिनचा लहान डोस का दिला जातो, हे कोडं मुलं इथे स्वतः सोडवतात.

ॲनहायड्राइड मिळालाच नाही तर? उलट्या दिशेने जा. दुकानातली 325 मिलिग्रॅमची गोळी घ्या आणि तिच्यात खरोखर किती ॲस्पिरिन आहे ते मोजा. गोळी कुटून 0.1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइडच्या 50 मिलिलिटर द्रावात घाला, 10 ते 15 मिनिटं गरम पाण्यात ठेवा. एक हायड्रॉक्साइड आम्लाच्या गटाला लागतो, दुसरा एस्टर मोडायला. थंड झाल्यावर उरलेला अल्कली 0.1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने, फिनॉल्फ्थॅलिन घालून अनुमापित (टायट्रेट) करा. खर्ची पडलेल्या अल्कलीच्या प्रत्येक मिलिलिटरमागे 9 मिलिग्रॅम ॲस्पिरिन. गोळीत पूर्ण 325 मिलिग्रॅम असेल तर 36 मिलिलिटर खर्ची पडेल आणि परत अनुमापनात 14 मिलिलिटरच्या आसपास आम्ल लागेल. गोळीशिवाय एक कोरं अनुमापनही करा, गरम अल्कली हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो. गोळी आयोडीनने निळी पडली तर दचकू नका, बांधून ठेवण्यासाठी त्यात स्टार्च घातलेला असतो. या प्रयोगात धोका कमी आणि आकडेमोड भरपूर. पहिल्यांदाच करणाऱ्या शाळेने इथूनच सुरुवात केली तरी मी हरकत घेणार नाही.

पॅरासिटामॉल का नको, असंही कुणी विचारतं. त्यालाही ॲसिटिक ॲनहायड्राइडच लागतो आणि सुरुवातीचा पदार्थ 4-अमिनोफिनॉल हा विषारी. शाळेत नको.

वेळेचं म्हणाल तर जोड तासिकेत बनवणं, गाळणं आणि पसरून ठेवणं होतं. दुसऱ्या दिवशी तोलणं, शुद्धीकरण, फेरिक क्लोराइड. द्रवणांकासाठी तिसरा दिवस मिळाला तर सोनं. गाळून उरलेला द्राव सोडियम बायकार्बोनेटने, फेस सांभाळत, उदासीन करा आणि मग भरपूर पाण्यासोबत सोडा. न वापरलेला ॲनहायड्राइड मात्र बाटलीत परत ओतायचा नाही आणि मोरीतही नाही. तो चंचुपात्रातल्या बर्फाच्या पाण्यात थेंबाथेंबाने मोडून मग टाकायचा.

सुकलेले स्फटिक फेकू नका. बारीक कुप्यांमध्ये भरा, वर नाव, तारीख, द्रवणांक आणि "खाण्यासाठी नाही" असं मोठ्या अक्षरांत लिहा, कुप्या कुलपातल्या कपाटात ठेवा. पुढच्या वर्षीच्या मुलांना मी पहिल्या दिवशी गेल्या वर्षीची एक कुपी देते. झाकण उघडून, नाक जवळ न नेता, हाताने वारा नाकाकडे घेऊन वास घ्यायला सांगते. दमटपणा शिरलेल्या कुपीला व्हिनेगरचा वास येतो. मग त्यातला एक दाणा परीक्षानळीत, वर फेरिक क्लोराइडचा एक थेंब, आणि कुपीवरच्या तारखेशेजारी आलेल्या रंगाची नोंद.